मेजरबाईंचा होकार

माणसाला किल्ल्यात सोडायचं की नाही, हे मेजरबाई तिकीट बघून नव्हे, वास घेऊन ठरवत. गेटच्या आत, देवडीच्या सावलीत त्यांची लोखंडी खुर्ची असे. पाहुणा उंबरठ्याशी आला की त्या उठत, हातभर अंतरावर उभ्या राहत आणि सरळ नाक पुढं करून हुंगत. बाई असो, साहेब असो, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव असो. अत्तर, सेंट, वासाचं तेल, काहीही लागलं की एकच शब्द, "धुवा." शेजारी नळ होता, साबण होता. ज्याला धुवायचं नसेल त्याला परत जायला रस्ता मोकळा होता.

एका कंपनीच्या कार्यक्रमात भाषण द्यायला पुण्याहून एक पट्टीचे वक्ते आले होते. अंगावर एवढा सेंट, की ते गाडीतून उतरायच्या आधी वास उतरला. बाईंनी त्यांना नळाकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. माश्यांना माहीत नाही." त्या दिवशी आत्मविश्वासावरचं भाषण वक्त्यांनी आमच्या वॉचमनच्या शर्टात दिलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

माश्यांचं सांगतो. आमचा किल्ला भुईकोट. नाव सांगत नाही, उगाच बुकिंगवर परिणाम झाला तर मालक माझ्या नावानं खडे फोडतील. पुष्कळ वर्षं तो लष्कराचं गोदाम होता. लष्करानं सोडल्यावर एका कंपनीनं चालवायला घेतला. दिवसा शाळांच्या सहली, संध्याकाळी दिव्यांचा खेळ, मधल्या पटांगणात लग्नं आणि मीटिंगा. मी तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर होतो. वर्कशॉप बंद पडलं आणि मी इथं सुपरवायझर झालो. पटांगणाच्या कडेला जो मोठा बुरूज आहे, त्याच्या पोटाला आग्या मोहोळं लटकतात. काळी, सुपाएवढी. कंपनीनं एकदा धूर करून ती काढली, तर महिन्याभरात दुप्पट येऊन बसली. तेव्हापासून कंपनीनं नाद सोडला आणि बाईंना गेटवर बसवलं.

बाई मिलिटरी हॉस्पिटलात नर्स होत्या, मेजर म्हणून रिटायर झालेल्या. नगरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, वडील मास्तर. केडगावात एकट्या राहत. पांढरी सुती साडी, पायात काळे बूट, गळ्यात शिट्टी. रविवारी चर्चमधून थेट ड्युटीवर येत आणि त्या दिवशी जरा जास्तच खेकसत. सकाळी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून जीभ बाहेर काढायला लावत. आचारी, माळी, लाइटवाला, कुणाची सुटका नव्हती. जिभेवरून त्यांना काय कळायचं देव जाणे, पण "तू आज शिडीवर चढायचं नाहीस" असं लाइटवाल्याला सांगितलं की तो चढत नसे. त्यांच्या तोंडची वाक्यं किल्ल्यात म्हणीसारखी झाली होती. "मेलेला पाहुणा तक्रार करत नाही, त्याचे नातेवाईक करतात." "कारण नंतर विचारा, आधी आत व्हा."

आत म्हणजे जुन्या दारूकोठारात. पूर्वी तोफांची दारू ठेवायची ती दगडी कोठी. खिडकी नाही, एकच जाड दार. बाई मनात येईल तेव्हा, बहुधा आम्ही चहाचा कप तोंडाला लावला की, तीन लांब शिट्ट्या मारत. मग हातातलं टाकून कोठारात पळायचं. आचारी एकदा झारा घेऊनच पळाला होता. आम्ही मागं त्यांची भरपूर टिंगल करायचो. मीही करायचो, खोटं कशाला बोलू.

टिंगल एका सहलीच्या दिवशी थांबली. पटांगणात शाळेच्या मुली डबे उघडून बसल्या होत्या. बाई एकदम बुरुजाकडं बघायला लागल्या. मोहोळावर माश्यांची लाट उठत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळं अंग थरथरत जायचं, पुन्हा तसंच. बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं, लाट उठली म्हणजे माश्या चिडायच्या बेतात आहेत. पण शिट्टी त्यांनी मारली नाही. ओठावर बोट ठेवून त्या मुलींमध्ये गेल्या, एकेकीचं डोकं हातानं गुडघ्यात घालत गेल्या. सगळं पटांगण चिडीचूप झालं. डब्याचं एक झाकण वाजलं तरी मी बुरुजाकडं बघायचो. बऱ्याच वेळानं लाट विरली. मुली गेल्यावर मी बाईंना चहा दिला, तर कप बशीवर नुसता खडखडत होता. तोवर मला वाटायचं बाई कशाला भीत नाहीत. खरं म्हणजे आमच्यात सगळ्यांत भित्र्या त्याच होत्या.

माझी नजर ओळखून त्या म्हणाल्या, "गेटवर भित्रा माणूस बसवावा. धीट माणूस लोकांना मारतो."

बाईंवर माझा फार जीव होता असं नाही. त्या वेळी तर रागच जास्त होता. पण माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि "आपल्याच किल्ल्यात करू" असं मी घरी छाती फुगवून सांगून बसलो. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं. पांढरे कपडे, हार, गाथा, फुलांच्या पाकळ्या. बाई खूश झाल्या. "पांढऱ्या कपड्यांना माश्या कमी चिडतात. सगळ्यांनी तुमच्यासारखी लग्नं करावीत," म्हणाल्या. मूर्तीपुढं अगरबत्ती लावायची नाही, एवढीच त्यांची अट. अत्तराचं तर मी पत्रिका देतानाच मुलाकडच्यांना बजावून आलो होतो. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर कारखान्यात हमाली केलेले, पहिल्यांदा किल्ला बघून म्हणाले, "लई मोठं हाय रं. आपल्याला झेपंल का?"

वरात दुपारी आली. पुढं नवरदेवाचे मामा. नवरदेवाचे वडील तो लहान असतानाच गेलेले, मामांनीच त्याला वाढवला. पाथर्डीकडचे, उंचेपुरे, पांढरे कपडे, आणि कानात अत्तराचा फाया. वास दहा पावलांवरून येत होता. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मामा, फाया काढा आणि कान धुऊन घ्या."

वाजंत्री थांबली. मामांना आधी वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं. सगळं वऱ्हाड बघत होतं.

"काय म्हनल्या बाई?"

"कान धुवा."

मामांचा चेहरा लाल झाला. "नवरदेवाच्या मामाला दारात अत्तर लावायची रीत हाय. हितं लावायचं ऱ्हायलं, अन् हाय त्येबी धुवा म्हनता? आमी काय मयताला आलो व्हय?"

मी पुढं झालो, मोहोळं दाखवली, हात जोडले. मामा म्हणाले, "माश्या आमच्या रानात बी हायती. आमाला कुनी कान धुवा म्हनलं न्हाई." आणि त्यांनी वाजंत्रीवाल्यांना हात केला, वरात फिरवा. हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवरदेव घोड्यावर नुसता मान खाली घालून बसला होता. मामांपुढं तो बोलणार नव्हता, हे मला पक्कं कळलं. आत माझी बहीण पांढऱ्या साडीत बसली होती. लग्नाच्या दारातून वरात परत गेली तर आमच्याकडं लोक पोरीलाच नावं ठेवतात, मग कारण माशी असो की मामा.

मी बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, नाही.

तेव्हा आण्णा पुढं आले. डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली आणि मामांच्या पायावर ठेवायला वाकले. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळं वाकायला वेळ लागत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही आला, कुणावर ते कळेना. धम्म घेतला आणि मानपान सोडला म्हणून आयुष्यभर अभिमानानं सांगणारा माझा बाप मानपानासाठीच वाकत होता.

टोपी जमिनीला लागायच्या आत बाईंचा आवाज आला, "थांबा. लावा अत्तर. फक्त यांना, मनगटावर, एक बोट."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि बुरुजाकडं बघितलं.

मामांच्या खिशात कुपी होतीच. आण्णांनी त्यांच्या मनगटाला बोट लावलं. मामांचा राग क्षणात उतरला, नुसता उतरला नाही, त्याचं प्रेम झालं. त्यांनी आण्णांना मिठी मारली. "ह्ये माजे सोयरे! मला एकट्यालाच का? समद्यांना लावा!" आणि कुणी काही म्हणायच्या आत ते वऱ्हाडात शिरून दिसेल त्याच्या कपड्याला, हाताला, दाढीला अत्तर चोळत सुटले. बाई मागं धावल्या. पण वाजंत्री पुन्हा सुरू झाली होती आणि सगळी वरात उंबरठा ओलांडून आत आली होती. मामांनी कुपी रिकामी केली. मनापासून आनंदानं केली. त्या माणसाला आजही मी दोष देऊ शकत नाही.

बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "लग्न पटांगणात लावायचं नाही. सगळ्यांना कोठारात घे. पळवू नकोस, घाबरवू नकोस. बायका-मुलं आधी."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, तिथं गार आहे."

आम्ही तसंच सांगितलं. ज्याची आम्ही टिंगल केली तोच सराव कामाला आला. आचारी, माळी, लाइटवाला, कुणी कुणाला काही विचारलं नाही. खुर्च्या तिथंच राहिल्या, मूर्ती आणि हार तेवढे आत नेले. बायका कुरकुरत गेल्या, पोरं खेळ समजून गेली. मी दर दोन पावलांवर बुरुजाकडं बघत होतो. मोहोळावर लाट गेली. परत गेली. मग लाटा थांबेचनात.

मामा मात्र पटांगणाच्या मधोमध उभे. "माज्या भाच्याचं लगीन मांडवात लागनार, अंधाऱ्या कोठीत न्हाई! या रे बाहेर!" असं ओरडून लोकांना परत बोलवत होते. काही पुरुष घुटमळले. बाईंनी तीन शिट्ट्या मारल्या. तशा शिट्ट्या मी त्यांच्या कधी ऐकल्या नव्हत्या. घुटमळणारे पळाले. बुरुजाखालचं काळं सूप एकदम हललं आणि सुटलं. आवाज आधी आला, मोठ्या मोटारीचा येतो तसा.

आण्णा मामांकडं धावायला निघाले. बाईंनी त्यांना दंडाला धरून कोठारात ढकललं, पाठोपाठ मला ढकललं, भिंतीशी पडलेलं लष्करी कांबळं उचललं आणि म्हणाल्या, "दार लावा. मी ठोठावलं तरी उघडायचं नाही. आत मुलं आहेत." दार त्यांनी स्वतः बाहेरून ओढलं. मी आतून अडसर घातला.

आत मिट्ट काळोख. मोबाईलचे दिवे लागले तसे घाबरलेले चेहरे दिसले. पोरं रडायला लागली. बाहेरून मामांची किंकाळी आली, मग धडपडल्याचा आवाज, मग अगदी दाराला लागून बाईंचा आवाज, "खाली बसा! तोंड गुडघ्यात! हात हलवू नका, हात हलवू नका म्हटलं ना!" दारावर काहीतरी घासलं. ती दोघं दाराला पाठ लावून कांबळ्याखाली बसली होती. मध्ये लाकडाची एक फळी. माझा हात अडसरावर होता. आण्णा म्हणाले, "उघड रं." कडेवर मूल असलेली एक बाई ओरडली, "उघडू नका!" मागून लोक रेटायला लागले. नवरदेव माझ्यापर्यंत आला आणि रडत म्हणाला, "मामांशिवाय मी लगीन करनार न्हाई. दार उघडा."

मी वाट बघत होतो. त्या ठोठावतील, मग बघू. त्यांनी ठोठावलं नाही.

उलट बाहेरून खणखणीत आवाज आला, "आतले गोंधळ का घालताय? लग्न लावा! लोकांना काहीतरी म्हणायला द्या, नाहीतर एकमेकांना तुडवतील!"

कुणी हललं नाही. मग मामांचा आवाज आला, दबलेला, कांबळ्यातून. "लावा रे. मी हाय हितंच. ऐकतोय."

लग्न लावायला आलेले बौद्धाचार्य मूर्तीपुढं उभे राहिले. त्यांनी त्रिसरण सुरू केलं, आधी चाचरत. एकेक आवाज मिळत गेला. पोरांच्या आयांनी म्हणायला सुरुवात केली तशी पोरं गप्प झाली. रेटारेटी थांबली. अंधारात दोनशे-तीनशे माणसं एका सुरात म्हणत होती आणि दाराच्या फटीतून बाहेरून एक पुरुषी आवाज, मध्येच कण्हत, आमच्यामागून म्हणत होता. बहिणीनं नवरदेवाला हार घातला तो मोबाईलच्या उजेडात. पाकळ्या टाकल्या त्या कुणाच्या अंगावर पडल्या ते दिसलं नाही. माझा हात शेवटपर्यंत अडसरावर होता आणि बाईंचा काहीच आवाज येत नव्हता.

उन्हं उतरल्यावर गुणगुण कमी झाली. फोन करून बोलावलेल्या, गेटबाहेर थांबलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी हाका मारल्या तेव्हा दार उघडलं. मामांचे पाय सुजले होते, बाकी ते शाबूत होते. कांबळं एकालाच पुरेल एवढं होतं. बाईंनी ते सगळं त्यांच्यावर घालून वरून मिठी मारली होती. त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. मामा उठले नाहीत. तिथंच बसून लहान पोरासारखे रडत होते आणि म्हणत होते, "मी न्हाई धुतलं. मी कान न्हाई धुतलं." बाईंना स्ट्रेचरवर घेताना त्या पुटपुटल्या, "लागलं का लग्न?" बहीण म्हणाली, "लागलं, मॅडम." मग त्यांनी मान टाकली.

त्या वाचल्या. डाव्या डोळ्याची नजर मात्र गेली. मामा त्यांच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिले, हाकलले तरी गेले नाहीत. कंपनीनं बाईंचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, पटांगणात कार्यक्रम. बाईंनी निरोप पाठवला, सत्कार कसला, मला काढून टाका. कंपनी काढेना, तेव्हा त्यांनीच नोकरी सोडली.

मी केडगावला त्यांना भेटायला गेलो. काळा चष्मा लावून ओट्यावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून सगळे वाचले."

"मी होते म्हणून सगळे सापडले," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडलांना वाकताना मला बघवलं नाही. एवढंच. एका म्हाताऱ्याची टोपी जमिनीला लागू नये म्हणून मी शेकड्यानं माणसं त्या मोहोळाखाली घातली." मग त्यांनी विचारलं, "नाही म्हटलं असतं तर लग्न मोडलं असतं?"

"मोडलं असतं."

"मग मी बरोबर केलं?"

जन्मात त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. मी म्हणालो, "आमच्यासाठी बरोबर."

"आणि आतल्या पोरांसाठी?"

उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. त्या म्हणाल्या, "हं. गेटवर तू बस. दुसरं कुणी नको."

म्हणून आता गेटवर मी बसतो. माझं नाक काही त्यांच्यासारखं नाही, पण काम भागतं. गेल्या आठवड्यात एका मुलीचे वडील माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. त्यांचे व्याही दारात अडून बसले होते, त्यांना अत्तर हवं होतं. माणूस माझ्या आण्णांच्या वयाचा. ते म्हणाले, "साहेब, माज्या पोरीचा इचार करा." मी त्यांच्याकडं न बघता म्हणालो, "धुवा." बराच वेळ वाद झाला. शेवटी व्याही धुऊन आत गेले, लग्न लागलं. मुलीचे वडील मात्र पंगतीला बसले नाहीत. सगळं आवरल्यावर माझ्यासमोरून गेले, माझ्याकडं बघितलंही नाही.

संध्याकाळी मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं.

"कुणाला माशी चावली?"

"नाही."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी खुर्चीवरून उठतोय तोच त्यांचा परत फोन आला.

"ते मुलीचे वडील," त्या म्हणाल्या, "उपाशी गेले का रे?"